अकरा सेकंदांचा सूर

आवृत्ती नऊ रविवारी पहाटे आली, आणि सोमवारी सकाळी वायदंडे बंधूंमध्ये चाळीस वर्षांत झालं नव्हतं ते भांडण झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही. भांडायला माणसं पुरेशी असतात. त्यासाठी यंत्राची गरज पडेल असं कुणाला वाटणार?

विट्यापासून नऊ किलोमीटरवर पानसरवाडी आहे. तिथे दिनकर वायदंडे सनई वाजवायचा आणि त्याचा चुलतभाऊ सर्जेराव मागे बसून सूर धरायचा. ज्यांनी सनई फक्त मंगल कार्यालयाच्या स्पीकरवर ऐकली आहे, त्यांना हे दुसरं काम म्हणजे काय ते सांगायला हवं. पुढचा वादक रागात हवा तसा हिंडतो. मागच्याने मात्र एकच सूर, षड्ज, धरून ठेवायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. श्वास संपला म्हणून थांबायचं नाही. गालात हवा साठवायची, ती ओठांनी बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी हवा आत घ्यायची. हे शिकायला दोन वर्षं जातात आणि ते कुणाला दिसत नाही. टाळ्या पुढच्याला मिळतात, शालही त्यालाच मिळते. सर्जेराव अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या अंगावर आजवर एकही शाल पडली नव्हती.

पण एक मान मात्र त्याचाच होता. गावामागच्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे. नवरात्रात नऊही दिवस पहाटे दार उघडल्यापासून आरती संपेपर्यंत तिथे सनई वाजते, आणि तेवढा वेळ सूर तुटता कामा नये असा नेम आहे. आरती झाली की पुजारी पहिला नारळ हातात घेऊन सूर धरणाऱ्यासमोर येतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘सूर अखंड?’ त्याने एका शब्दात उत्तर द्यायचं. अखंड, नाहीतर तुटला. कारणं सांगायची नाहीत, देवीपुढे कारणं चालत नाहीत. ‘अखंड’ म्हटलं तर नारळ त्याचा. ज्याने उत्तर द्यायचं त्यालाच खरं ठाऊक, म्हणून त्याच्या शब्दावर ठेवलेलं. सर्जेरावने एकेचाळीस नवरात्रं ‘अखंड’ म्हटलं होतं, आणि एकदाही खोटं नव्हतं.

आता त्या सोमवारचं भांडण. दोघे दिनकरच्या, म्हणजे दादाच्या, घराच्या पुढच्या सोप्यात रियाजाला बसले. सर्जेरावने सूर लावला, दादाने भैरव सुरू केला, आणि थोड्याच वेळात सनई ओठांवरून काढली.

“सूर धर की.”

“धरलाय की, दादा.”

“कुठं धरलायस? मघाशी होता, आता न्हाई.”

सर्जेरावने पुन्हा लावला. दादाने मान डोलावली, दोन ओळी वाजवल्या, आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. सूर लागतो, जरा वेळ टिकतो आणि विरून जातो, असं दादाचं म्हणणं. विरलेल्या सुरावर दादाचा रिषभ घसरत होता, आणि ते सर्जेरावला स्वच्छ ऐकू येत होतं.

“तुझा दम तुटाय लागलाय, सर्जा,” दादा शेवटी म्हणाला. “वय झालं. त्यात लाजायचं काय? पर कबूल कर.”

“दम तुटला असता तर मला कळलं नसतं व्हय? तुझं कानाचं यंत्रच बघ काय झालंय त्ये.”

“यंत्राला काय धाड भरलीय? कालच नवं झालंय त्ये!”

सर्जेराव उठला, साथीची सनई, तिलाही सूरच म्हणतात, फडक्यात गुंडाळली आणि घरी गेला. जाताना त्याने वहिनीचा चहाही घेतला नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते सगळ्या आळीला कळलं.

यंत्राची गोष्ट अशी. आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या दुखण्यात दादाला जी औषधं द्यावी लागली, त्यांनी जीव वाचवला आणि कान नेले. आवाज ऐकणाऱ्या आतल्या पेशी मेल्या, पण मेंदूकडे निरोप नेणारी नस शाबूत होती. चार वर्षांपूर्वी सांगलीच्या एका इस्पितळात त्या नसेवर एक नवा उपचार झाला. आधी एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून तिथल्या चेतापेशींमध्ये एक जनुक सोडलं; त्यामुळे त्या पेशी उजेडाला जाग्या होऊ लागल्या. मग कानाच्या आतल्या शंखात केसाएवढी पट्टी सरकवली. तिच्यावर एकशेवीस बारीक दिवे. कानामागचा मायक्रोफोन आवाज टिपतो, खिशातल्या फोनवरची प्रणाली त्याचे तुकडे पाडते, आणि ज्या उंचीचा स्वर असेल त्या जागेचा दिवा लागतो. पूर्वीच्या, विजेवर चालणाऱ्या यंत्रांत वीज आजूबाजूला पसरायची, त्यामुळे स्वर एकमेकांत मिसळायचे. उजेड नेमका पडतो. म्हणून या यंत्राने माणसाला पुन्हा गाणं ऐकू येऊ लागलं. पहिल्या दिवशी सर्जेरावने दादाच्या कानाशी सूर धरला तेव्हा दादा इस्पितळाच्या कॉटवर बसून हमसून हमसून रडला होता.

बसवताना डॉक्टरांनी विचारलं होतं, प्रणाली संगीताकडे झुकती ठेवायची की बोलण्याकडे? दादाने क्षणाचाही विलंब न लावता संगीत सांगितलं. मग सूर उत्तम ऐकू येऊ लागला, आणि बोलणं म्हणजे नुसता गलका. समोर बसून, हळू, ओठ दाखवत बोललं तर चारातले दोन शब्द कळायचे. कान गेले तेव्हा सुलोचनावहिनींनी जत्रेतून एक पाटी आणली होती, तिच्यावरच लिहून संसार चालू राहिला. ‘मीठ संपलंय’, ‘गॅस बंद करा’, ‘मी देवळात जाते’. आठ वर्षं, नवऱ्याशी पाटीवरून.

घरी गेल्यावर सर्जेराव खरं तर घाबरला होता. दादापुढे तोरा दाखवला, पण एकटा बसल्यावर मन खायला उठलं. दम खरंच तुटत असेल तर? आपल्या आपल्याला ते कळत नसेल तर? म्हाताऱ्या माणसाला आपलं तोंड वाकडं झालेलं कुठे दिसतं? त्याने सनईच्या तोंडाची पत्ती बदलली. ती नीट वाटेना म्हणून दुसरी घासली, ती जास्त घासली गेली, तिसरी फाटली. वर्षभर जपून मुरवलेल्या तीन पत्त्या एका दुपारी वाया घालवून तो चौथीवर सूर लावून बसला. एक तास, दीड तास. कुठे थरकाप नको, कुठे फुगवटा नको, श्वास आत घेताना जो केसाएवढा धक्का बसतो तोही नको. अशी कसोशीची मेहनत त्याने पंचविशीतही केली नव्हती.

गुरुवारी राग गिळून तो दादाकडे गेला आणि सूर लावला. दादा म्हणाला, “आज तर आणखीन लवकर गेला.”

मग मात्र सर्जेराव यंत्राच्या मागे लागला. कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज होता, माणसाचा की कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. त्या आवाजाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. केलं. फोन आणि कानाची जोडणी मोडून पुन्हा जोडायला सांगितली. जोडली. ‘आपली समस्या सुटली का?’ नाही. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. आठव्यांदा हे ऐकल्यावर सर्जेरावने त्या आवाजाला त्याच्या खापरपणज्यापर्यंत जाऊन काय सुनवायचं ते सुनवलं. त्यावर आवाज म्हणाला, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’ फोनच्या पडद्यावर एक ओळ मात्र त्याला सापडली. ‘संगीत जोड आवृत्ती नऊशी सुसंगत नाही.’ रविवारी यंत्राची नवी प्रणाली उतरली तेव्हा दादाने न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं. दादाने आयुष्यात कुठलाच कागद वाचून सही केली नव्हती, तेव्हा त्याला बोलण्यात अर्थ नव्हता.

“सांगलीला जाऊ,” सर्जेराव वहिनींना म्हणाला. “यंत्रच बिघडलंय, वैनी.”

वहिनी ज्वारी पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले. “बिघडलं? भावजी, बिघडलं कसं म्हणताय? आवं, काल मी चुलीपाशी होते आणि ह्ये सोप्यात. माझ्या तोंडून आपलं सवयीनं गेलं, ‘पाणी आलंय का बघा.’ आणि ह्ये म्हणाले, ‘आलंय.’” त्यांनी पदराने नाक पुसलं. “मला वाटलं भास झाला. परत इचारलं, तर म्हणाले, ‘एकदा सांगितलं ना, आलंय म्हणून!’ चिडले माझ्यावर. आठ वर्षांनी माझ्या बोलण्यावर चिडले बघा.”

वहिनींचा चेहरा असा उजळलेला सर्जेरावने फार वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याला उगीचच चोरी केल्यासारखं वाटलं.

सांगलीला तिघेही गेले. कान तपासणारी आफरीन मुजावर तिशीची, हसरी पण कामाला पक्की. तिने दादाला खुर्चीत बसवलं, त्याचं यंत्र समोरच्या पडद्याला जोडलं. पडद्यावर एकशेवीस उभ्या रेघा आल्या. प्रत्येक रेघ म्हणजे कानातला एक दिवा. तिने पंखा लावला. काही रेघा उंचावल्या आणि थोड्या वेळाने खाली बसल्या.

“काका, पंखा ऐकू येतोय?”

“मघाशी येत हुता. आता न्हाई.”

“पण माझं बोलणं?”

“त्ये येतंय की. खणखणीत.”

“आता तुम्ही वाजवा,” ती सर्जेरावला म्हणाली.

त्याने सूर लावला. पडद्यावर षड्जाच्या जागची रेघ सरळ वर गेली, तिच्याबरोबर वरच्या चार-पाच छोट्या रेघा. दादाने मान डोलावली. सर्जेराव रेघेवर डोळे लावून फुंकत राहिला. त्याचा सूर चालू होता, खोली त्या सुराने भरली होती, आणि पडद्यावरची रेघ हळूहळू बुडत बुडत सपाट झाली. दादाने मान हलवली. गेला.

“अकरा सेकंद,” आफरीन म्हणाली. “आता मी करते.” तिने तोंड उघडून ‘आऽऽ’ असा आवाज लावला. तो बिचारा चांगलाच डुगडुगत होता. पण रेघ पडली नाही. तिचा श्वास संपेपर्यंत जिवंत राहिली.

सर्जेराव बघतच राहिला. “ह्ये काय झालं?”

आफरीनने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “काका, कानात दिवा लागला की थोडी उष्णता होते. फार दिवे फार वेळ जाळले तर नस भाजेल. म्हणजे दर क्षणाला उजेड किती वापरायचा त्याला मर्यादा आहे. जुन्या आवृत्तीत तुमच्या दादांनी संगीत निवडलं होतं, तेव्हा बराचसा उजेड लांबलचक स्वरांवर खर्च व्हायचा. बोलण्यातले त, प, स असले बारीक आवाज क्षणभरच असतात, त्यांना उजेड उरायचाच नाही. म्हणून शब्दांचा गलका. नवी आवृत्ती उलट विचार करते. जे बदलतं ते महत्त्वाचं. जे बदलत नाही तो पंखा, मोटर, फ्रीज. अशा आवाजाचा दिवा ती मालवते आणि वाचलेला उजेड बोलण्याला देते. आपला मेंदूही हेच करतो. घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला कुठे ऐकू येते?”

“पर माझा सूर म्हंजे काय पंखा न्हवं.”

“माणसाचा आवाज थोडा तरी हलतो. त्यावरून यंत्र माणूस ओळखतं. तुमचा हलत नाही.” तिने जुनी नोंद उघडली. “आणि हे बघा. सोमवारी सूर चौदा सेकंद टिकला होता. गुरुवारी बारा. आज अकरा. या दिवसांत तुम्ही काही वेगळं केलंत का?”

सर्जेरावने डोक्याला हात लावला. मेहनत केली होती. आपला सूर दादापर्यंत पोचावा म्हणून जितका तो स्थिर केला, तितका तो यंत्राच्या लेखी माणसाचा राहिला नव्हता. एकेचाळीस वर्षांची तपश्चर्या, आणि निदान काय, तर पंखा. त्याला हसावं की रडावं ते कळेना. बाकी एका गोष्टीने जीव हलका झाला. दम तुटला नव्हता.

दादालाही ते उमगलं होतं. तो सर्जेरावकडे न बघता म्हणाला, “मी उगंच बोललो तुला.” दादाच्या तोंडून एवढं येणं म्हणजे फार झालं.

“यंत्राच्या आतूनच सूर सोडता येईल का?” सर्जेरावने विचारलं. “मी नसलो तरी चालंल.”

“सोडता येईल, पण त्यालाही तेच दिवे लागणार. उजेड तेवढाच आहे, काका. आणि संगीताची जोड नव्या आवृत्तीवर चालत नाही. कंपनी म्हणते करू, कधी ते सांगत नाही. मी जुनी आवृत्ती परत टाकू शकते. आज टाकली तर नवरात्रापर्यंत कान पूर्ववत होईल. पण मग बोलणं पुन्हा गेलं. आणि नवरात्रापुरती जुनी, मग नवी, असं करता येणार नाही. दरवेळी मेंदूला नव्यानं शिकावं लागतं, या वयात तो इतक्या उड्या मारत नाही.”

“मग इचार कसला करायचा?” दादा ताडकन म्हणाला. “जुनी टाका. बोलणं काय, जन्मभर ऐकलंय.”

वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट केले, पुन्हा सोडले, पुन्हा बांधले. मग हळूच म्हणाल्या, “टाका. माझी पाटी हाय की घरी.”

सर्जेरावला त्या वेळी दादाचा राग आला. इतका राग सोमवारीही आला नव्हता. दादा वाईट माणूस नव्हता. पण पुढे बसून वाजवणाऱ्याला मागे कोण काय धरून बसलंय ते वळून बघायची सवय नसते. ती सवय सर्जेरावने स्वतःच त्याला लागू दिली नव्हती.

“मॅडम,” तो म्हणाला, “सूर मधी तुटला तर यंत्र काय करतं?”

“पाव सेकंद जरी शांतता मिळाली, तरी पुढचा सूर त्याला नवा वाटेल. पुन्हा अकरा सेकंद कान देईल.”

“आणि तोडायचा न्हाई, जरासा हलवला तर?”

“हलवू नगंस!” दादा ओरडला. “हललेल्या सुरावर मी उभा कुठं ऱ्हाऊ? तुटला तर एकवेळ चालंल, हलाय न्हाई पायजे.” आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. “आरं पर, देवळात सूर तुटतो व्हय?”

“त्ये माझं मी बघतो. मॅडम, नवी हाय तीच राहू द्या.”

“सर्जा, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? एकेचाळीस वर्षं...”

“दादा,” सर्जेराव म्हणाला, “ह्या खोलीत आल्यापासून तू कुणाचा किती शब्द ऐकलास, मोज की. मॅडमचं ऐकलंस, माझं ऐकलंस. पाटी हाय म्हणाल्या वैनी, त्येबी ऐकलंस. पंधरा दिवसांमागं ऐकलं असतंस?”

दादाने बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि वहिनी संकोचून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघू लागल्या. नवीच आवृत्ती राहिली.

न तोडायला शिकायला सर्जेरावला दोन वर्षं लागली होती. तोडायला शिकायला तीन आठवडे लागले, आणि ते जास्त कठीण गेलं. हाडात मुरलेली सवय. दहाव्या सेकंदाला ओठ मिटायचे म्हणून मनाशी ठरवलं तरी गाल आपोआप हवा ढकलायचे. थांबला की जिन्यात पायरी चुकल्यासारखं व्हायचं. पण दादाचा भैरव परत जागेवर आला. रिषभ लागला की अंगावर काटा यायचा. दहा सेकंद सूर, पाव सेकंद खंड, पुन्हा सूर. दादा त्या खंडांवर एकदाही कुरकुरला नाही, आणि सर्जेराव त्याबद्दल एकदाही बोलला नाही.

घटस्थापनेच्या पहाटे टेकडीवर गर्दी होती. खालून पायरस्त्याने म्हातारीकोतारी, आणि वरपर्यंत येणाऱ्या बिनचालकाच्या गाडीतून विट्याची शहरी मंडळी. पुजारी रंगनाथ गुरवांनी दार उघडलं आणि सर्जेरावने सूर लावला. पहिली दहा सेकंदं नेहमीसारखीच होती. मग त्याने ओठ मिटले.

पाव सेकंद म्हणजे काहीच नाही. पण त्या देवळात ज्यांनी चाळीस वर्षं तो सूर ऐकला होता, त्यांच्या माना वळल्या. दुसऱ्या खंडाला चौघड्यावरच्या माणसाने टिपरू अडखळत टाकलं. तिसऱ्या-चौथ्यानंतर कुजबुज सुरू झाली. “सर्जाचा दम गेला.” “वय झालं की हो.” “पोरगं बसवायचं होतं मागं.” सर्जेरावला सगळं ऐकू येत होतं. कान गरम झाले होते, आणि तरी आकडे मनात चालू होते. आठ, नऊ, दहा, खंड. पुढे दादाची पाठ होती. ती पाठ ताठ होती, मोकळी होती, आणि दादा षड्जावर असा येऊन टेकत होता की गाभाऱ्यातल्या समया क्षणभर तेवायच्या थांबल्या असं वाटावं. हे आपल्याच सुरावर चाललंय, हे त्याला ठाऊक होतं. लाज आणि समाधान एकाच वेळी वाटू शकतं, हे त्याला अडुसष्टाव्या वर्षी समजलं.

आरती झाली. रंगनाथ गुरव नारळ घेऊन आले. ते वयाने सर्जेरावच्या बरोबरीचे, लहानपणी एकाच शाळेत. त्यांचा चेहरा पडलेला होता, कारण विचारणं त्यांनाही चुकणार नव्हतं.

“सूर अखंड?”

सर्जेरावच्या तोंडाशी खूप काही आलं. दिवे, उजेड, अकरा सेकंद, आवृत्ती नऊ. देवीपुढे कारणं चालत नाहीत.

“तुटला,” तो म्हणाला.

गुरवांनी मान खाली घातली आणि नारळ देवीच्या पायाशी परत नेऊन ठेवला.

टेकडी उतरताना दादा पुढे होता. त्याच्या मागे पंधरावीस पायऱ्यांवर सर्जेराव, आणि सगळ्यांत मागे गुडघे धरत वहिनी. खालच्या वळणावर, कुणाला ऐकू जायचं कारण नाही अशा बेताने, वहिनी तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, “रंगा मेला सत्तरीला आला, त्यो नारळ काय सोबत सरणावर घिऊन जाणार हाय?”

पुढे दादा जागच्या जागी थांबला आणि खो खो हसत सुटला.

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बया! ऐकू गेलं व्हय तिथवर?” आठ वर्षं त्यांनी नवऱ्याच्या पाठीमागे, समोर, शेजारी बसून जे मनात येईल ते बिनघोर पुटपुटलं होतं. आता ती सोय गेली, हे त्यांच्या त्या वेळी ध्यानात आलं असावं. त्यांनी पदर तोंडावर धरला, पण हसू काही आवरलं नाही. सर्जेरावलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

दादा पायऱ्या चढून परत वर आला. सर्जेरावच्या हातातलं सुराचं फडकं त्याने आपल्या काखेत घेतलं, आणि दोघे बरोबर उतरू लागले. चार पायऱ्या झाल्यावर तो खालीच बघत म्हणाला, “सर्जा, उद्या सूर तोडायच्या आधी मला नुसतं गुडघ्यानं ढोस. तेवढा वेळ वरचा सा मी धरतो.”